एकाच पार्टच्या अनेक साइझ: टेबल उघडण्याआधीचं काम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅडमध्ये (संगणकावरच्या त्रिमितीय डिझाइनमध्ये) एल आकाराचा एक ब्रॅकेट एम ६ ते एम १२, म्हणजे ६ ते १२ मिमी व्यासाच्या बोल्टसाठी आणि वेगवेगळ्या लांबीत हवा आहे. आतापर्यंत फाइल कॉपी करून मापं बदलत गेल्यामुळे सात फाइली झाल्या, सगळ्यांत भोकं पायाच्या मधोमध. आता मूळ डिझाइनमध्ये काही बदललं की सातही फाइली उघडाव्या लागतात आणि काही साइझमध्ये एखादं माप बदललं की फीचर ट्री (मॉडेलच्या पायऱ्यांची यादी) लाल होते, म्हणजे चूक दाखवते. कॉन्फिगरेशन (एकाच फाइलमधल्या वेगवेगळ्या साइझ) करावं, डिझाइन टेबल (त्या साइझच्या मापांचा तक्ता) वापरावं, की सरळ स्केल करावं, म्हणजे सगळंच एका प्रमाणात मोठं?

स्केलचा विचार सोडून द्या. तुमचा एम ६ चा ब्रॅकेट ५ मिमी प्लेटचा आहे. एम ८ साठी तो ८ भागिले ६ या प्रमाणात मोठा केला तर प्लेट ६.६७ मिमी होते. एम १० साठी ८.३३. अशी प्लेट कुणी विकत नाही. बोल्टचं भोक ६.६ वरून ८.८ होतं, पण बोल्टच्या भोकांच्या आयएसओ २७३ या मानकाच्या मध्यम मालिकेत एम ८ साठी ९ मिमी आहे. शिवाय सगळी मापं दुप्पट केली की वजन आठपट होतं. स्केल कमांडचा खरा उपयोग साचा बनवताना आकुंचनाची भर घालायला होतो. साइझची मालिका तयार करायला ती कमांड नाही.

कॉन्फिगरेशन की टेबल, हा प्रश्नही मी जरा मागे ढकलणार आहे. त्यातली बटणं कुठे आहेत हे अर्ध्या तासात समजतं. मालिका टिकते की फुटते हे त्याआधी ठरलेलं असतं: कोणतं माप कुणाच्या हातात आहे, यावर.

कोणत्याही पार्टची मापं तीन जातींची असतात. काही मापं आपण निवडतो. काही आपल्याला मानकातून किंवा उपलब्ध मालातून घ्यावी लागतात. उरलेली या दोन्हींवरून निघतात. या ब्रॅकेटमध्ये निवडायच्या गोष्टी दोनच आहेत, बोल्ट आणि लांबी. भोकाचा व्यास, वॉशरचा बाहेरचा व्यास आणि प्लेटची जाडी या घ्यायच्या गोष्टी. पायाची (एलच्या एका बाजूची) रुंदी, भोकाची जागा, भोकांची संख्या आणि त्यांच्यातलं अंतर हे सगळं हिशेबाने निघायला हवं. सात फाइली करताना तुम्ही बहुधा ही सगळी मापं हाताने टाकली असणार. म्हणजे तीसेक मापं मोकळी सोडली, आणि प्रत्येक फाइलमध्ये ती एकमेकांशी जुळतात की नाही हे डोळ्यांनी पाहत बसलात.

घ्यायच्या मापांना सूत्र शोधू नका. मध्यम मालिकेत एम ६, ८, १०, १२ ची भोकं अनुक्रमे ६.६, ९, ११ आणि १३.५ आहेत. म्हणजे बोल्टपेक्षा ०.६, १, १ आणि १.५ ने मोठी. यात कोणतंही प्रमाण नाही. ‘व्यास गुणिले १.१’ लिहून बघा, एम ६ आणि एम १० ला बरोबर उत्तर येईल, एम ८ आणि एम १२ ला चुकेल, आणि दोन ठिकाणी बरोबर आलं म्हणून उरलेल्या दोन ठिकाणी कुणी तपासणार नाही. आयएसओ ७०८९ चे वॉशर या चार साइझमध्ये १२, १६, २०, २४ असे बोल्टच्या नेमके दुप्पट येतात खरे, पण त्यांची जाडी १.६, १.६, २ आणि २.५ आहे. म्हणून अशा मापांचा एक छोटा तक्ता करायचा, त्यात आकडे जसेच्या तसे उतरवायचे आणि बोल्टवरून ओळ शोधायची.

आता निघणारी मापं बघू, कारण खरी गंमत तिथे आहे. पायाची रुंदी किती असावी? ‘छान दिसते तेवढी’ हे उत्तर चालणार नाही. कोपऱ्यापासून मोजत चला: प्लेटची जाडी, मग आतल्या कोपऱ्याचा फिलेट (गोलाई), मग वॉशरची अर्धी रुंदी आणि १ मिमी मोकळी जागा. इथपर्यंत भोकाचं केंद्र ठरलं, आता त्यापुढे वॉशरची दुसरी अर्धी रुंदी आणि कडेला ३ मिमी. एम १२ साठी प्लेट १० आणि फिलेट ६ धरला तर आतल्या पृष्ठभागापासून केंद्र ६ अधिक १२ अधिक १, म्हणजे १९ वर. केंद्रापासून कडेपर्यंत १५. एकूण ४४, पाचच्या पटीत वर नेलं की ४५. याच हिशेबाने एम ६ ला (प्लेट ५, फिलेट ३) २५, एम ८ ला (६ आणि ४) ३० आणि एम १० ला (८ आणि ५) ४० येतात. पाचच्या पटीला नेताना वाढलेले मिलिमीटर कडेच्या बाजूला जातात, वॉशरच्या बाजूचं अंतर तसंच राहतं. हे मुद्दाम तसं ठेवायचं.

आता तुमच्यासारखंच बहुतेक लोक करतात ते करून बघा: भोक पायाच्या मधोमध. एम १२ ला ४५ चा मध्य २२.५, त्यातून प्लेटचे १० वजा केले की आतल्या पृष्ठभागापासून १२.५ उरले. वॉशर आणि फिलेटला मिळून १८ लागतात. वॉशर फिलेटवर चढणार, तिरका बसणार आणि बोल्ट आवळला की वाकणार. मॉडेलमध्ये मात्र एकही लाल खूण दिसणार नाही. सॉफ्टवेअर फक्त भूमिती बनते की नाही एवढंच सांगतं, पार्ट बसतो की नाही हे त्याला माहीतच नसतं. म्हणून ‘मधोमध’, ‘समान अंतरावर’ अशी सोयीची बंधनं टाकताना थांबायचं आणि विचारायचं की हे भोक तिथे का आहे. जे कारण असेल तेच सूत्र.

भोकांची संख्या हा आणखी एक अडकायचा मुद्दा. समजा दोन भोकांमध्ये ५० पेक्षा जास्त अंतर नको. १६० लांबीच्या एम १२ ब्रॅकेटला दोन्ही टोकांचे १५-१५ सोडून १३० उरतात. ५० ने भागून वरचा पूर्णांक घेतला की ३ गाळे, म्हणजे ४ भोकं आणि अंतर ४३.३३. गणित बरोबर आहे, पण वर्कशॉपमध्ये ४३.३३ कुणालाच आवडत नाही. मी अशा वेळी अंतर ४० वर आणतो आणि टोकाकडचं अंतर २० होऊ देतो. ८० लांबीला मात्र वेगळीच अडचण आहे: ८० वजा ३० म्हणजे बरोबर ५०, भागाकार बरोबर १. आधीच्या एखाद्या सूत्रातून हा ५० चुकून ५०.०००००१ असा आला, तर वरचा पूर्णांक २ होतो आणि दोनऐवजी तीन भोकं पडतात. वर नेण्याआधी आकडा तीन दशांशांपर्यंत राउंड करून घ्या.

लांबी मात्र मनाने ठरवू नका. कुणीतरी ९० मागेल, कुणी ११०, आणि वर्षभरात मालिका वीस ओळींची होईल. यावर जुना आणि चांगला उपाय आहे. १८७० च्या दशकात फ्रेंच सैन्यातले अभियंता शार्ल रनार यांनी बलूनच्या दोरखंडांच्या ४२५ साइझ १७ वर आणल्या. ठराविक गुणोत्तराने वाढणारी त्यांची मालिका पुढे आयएसओ ३ या मानकात आली. त्यातली आर १० मालिका दर पायरीला साधारण १.२६ पटीने वाढते: ६३, ८०, १००, १२५, १६०. तुमच्या ब्रॅकेटला या पाच लांब्या पुरतील. ११० मागणाऱ्याला १२५ द्या. फारच अडलं तर त्याचा वेगळा पार्ट करा, पण मालिकेत घुसवू नका.

हे सगळं कागदावर किंवा साध्या एक्सेल शीटमध्ये झालं की मगच मॉडेल. आणि मॉडेल नव्यानेच करा. सात फाइलींपैकी एखादी घेऊन तिला सुधारत बसण्यात जास्त वेळ जातो, कारण जुन्या स्केचमध्ये (फीचरच्या मूळ रेखाटनात) कोणतं बंधन का आहे हे आता कुणालाच आठवत नसतं.

मालिकेसाठीचं मॉडेल एरवीच्या मॉडेलपेक्षा थोडं वेगळ्या शिस्तीने बांधावं लागतं. पहिलं म्हणजे सगळं मूळ बिंदूला आणि मूळ प्रतलांना बांधा. आतला कोपरा मूळ बिंदूवर, लांबी मध्य प्रतलाच्या दोन्ही बाजूंना सारखी. भोकाच्या स्केचने एखाद्या कडेचा आधार घेतला आणि दुसऱ्या साइझमध्ये ती कड फिलेटने खाल्ली, की आधार गेला. तुमच्याकडे मॉडेल लाल होतं त्याचं सर्वांत संभाव्य कारण हेच आहे. कडा आणि कोपरे येतात-जातात, प्रतलं राहतात.

दुसरं, स्केच पूर्ण बांधलेलं असू द्या. अर्धवट बांधलेलं स्केच एका साइझमध्ये बरोबर दिसतं आणि मापं लहान झाली की एखादी रेषा उलट्या बाजूला पलटते. तिसरं, आरपार जाणाऱ्या भोकाला खोली देऊ नका, ‘थ्रू ऑल’ द्या. ५ मिमी प्लेटसाठी ६ मिमी खोलीचं भोक १० मिमी प्लेटमध्ये अर्ध्यावर थांबतं आणि ड्रॉइंगच्या समोरच्या दृश्यात ते बिलकुल कळत नाही. चौथं, फिलेट आणि चॅम्फर (तिरकी कापलेली कड) शेवटी. आणि मापांना नावं द्या. ‘डी १ ॲट स्केच ३’ हे सॉफ्टवेअरने दिलेलं कॉलमचं शीर्षक सहा महिन्यांनी तुम्हालाही वाचता येणार नाही. ‘पाय_रुंदी’, ‘भोक_व्यास’ कुणालाही वाचता येतं. मात्र तुमच्या सॉफ्टवेअरला नावात देवनागरी चालत नसेल तर रोमन अक्षरात लिहा, वाद घालू नका.

रिबचं काय? समजा आधाराची रिब (दोन पायांना जोडणारी मजबुतीची पट्टी) फक्त एम १० आणि एम १२ ला हवी आहे. लहान साइझमध्ये तिची जाडी शून्य करायचा मोह होतो. तसं करू नका. बहुतेक ठिकाणी शून्य माप चालतच नाही, आणि ०.०१ टाकणं ही लबाडी पुढे मेशिंगमध्ये (विश्लेषणासाठी मॉडेलचे बारीक तुकडे पाडताना) किंवा लेझर कटिंगच्या फाइलमध्ये बाहेर येते. फीचर सप्रेस करा, म्हणजे न पुसता त्या साइझपुरतं बंद करा. इथे सॉलिडवर्क्स या कॅड सॉफ्टवेअरचा एक स्वभाव लक्षात ठेवा: रिब सप्रेस केली की तिच्यावरचे फिलेटही आपोआप सप्रेस होतात, पण रिब परत चालू केली की फिलेट आपोआप चालू होत नाहीत. त्यामुळे टेबलमध्ये रिबसाठी एक आणि तिच्या फिलेटसाठी एक असे दोन स्टेट कॉलम ठेवा.

आता टेबल. सॉलिडवर्क्समध्ये डिझाइन टेबल म्हणजे पार्टमध्ये बसवलेली एक्सेल शीट: एक ओळ एक कॉन्फिगरेशन, एक कॉलम एक माप किंवा एका फीचरची स्थिती. माझा आग्रह एवढाच की एका मापाला एकच मालक असावा. एखादं माप समीकरणाने चालत असेल तर त्याचा कॉलम टेबलमध्ये नको. कॉलम असेल तर समीकरण नको. दोन्हीकडून ओढलं की शेवटी कोण जिंकलं हे शोधण्यात दिवस जातो. हिशेब एक्सेलमध्ये करायचा की मॉडेलच्या समीकरणांत, हा आवडीचा भाग आहे. मानकातल्या आकड्यांचा शोध एक्सेलमध्ये सोपा पडतो म्हणून मी तो तिथे ठेवतो, आणि पायाची रुंदी किंवा भोकाची जागा यांची समीकरणं मॉडेलमध्ये ठेवतो, कारण तिथे ती ड्रॉइंग करणाऱ्यालाही दिसतात. म्हणजे या ब्रॅकेटच्या टेबलमध्ये मापांचे कॉलम पाचच उरतात: लांबी, जाडी, फिलेट, भोक आणि वॉशर.

टेबल बनवताना एडिट कंट्रोलमध्ये मॉडेलमधून टेबल बदलू न देण्याचा पर्याय असतो. तो निवडा. नाहीतर कुणीतरी स्क्रीनवर मापावर डबल क्लिक करून भोकाच्या १३.५ चे १४ करतो, टेबलही निमूटपणे १४ करतं, आणि त्यामागचं सूत्र पुसलं जातं. टेबल नसलेल्या कॉन्फिगरेशनमध्ये याच चुकीचं वेगळं रूप दिसतं: माप बदलताना ‘फक्त हे कॉन्फिगरेशन’ की ‘सर्व’ ही यादी न पाहता ओके दाबणं.

एक्सेलची स्वतःचीही एक खोड आहे. ‘१०-१२’ असं साइझचं नाव टाकलं की तो त्याची तारीख करतो. नावांचा कॉलम आधीच टेक्स्ट करून ठेवा. आणि नाव एकदा असेंब्लीत वापरलं गेलं की बदलू नका. असेंब्ली बंद असताना पार्टमधल्या कॉन्फिगरेशनचं नाव बदललं, तर पुढच्या वेळी असेंब्लीला ते सापडत नाही, आणि तिथे भलतीच साइझ येऊन बसू शकते.

दुसरं सॉफ्टवेअर असेल तर कल्पना तीच, नाव आणि फाइलींची रचना वेगळी. क्रिओमध्ये फॅमिली टेबल, त्यात एक जेनेरिक आणि बाकीचे इन्स्टन्स. तिथली व्हेरिफाय कमांड प्रत्येक इन्स्टन्स बनतो का ते ओळीने तपासून देते, ती नेहमी चालवा. इन्व्हेंटरमध्ये आयपार्ट, जो प्रत्येक सदस्याची स्वतंत्र फाइल काढतो. २०२२ च्या आवृत्तीपासून एकाच फाइलमध्ये राहणारे मॉडेल स्टेटही आले. एनएक्समध्ये पार्ट फॅमिली, सॉलिड एजमध्ये फॅमिली ऑफ पार्ट्स, कटियामध्ये डिझाइन टेबल. फ्यूजनमध्ये बरीच वर्षं फक्त यूझर पॅरामीटर होते, कॉन्फिगरेशन २०२३ मध्ये आलं. ऑनशेपमध्ये बोल्ट आणि लांबी असे स्वतंत्र इनपुट देता येतात, त्यामुळे प्रत्येक जोडीची ओळ लिहावी लागत नाही. फ्रीकॅडमध्ये स्प्रेडशीटच्या पेशीला टोपणनाव देऊन ते मापाला जोडायचं. कडांची नावं बदलून मॉडेल फुटण्याचा त्याचा जुना त्रास १.० आवृत्तीत बराच कमी झाला आहे, तरी प्रतलांचा नियम तिथेही पाळाच.

इनपुट स्वतंत्र असले की एक धोका वाढतो. चार बोल्ट, पाच लांब्या, रिब आहे-नाही, दोन प्रकारचं कोटिंग: ४ गुणिले ५ गुणिले २ गुणिले २, म्हणजे ८० प्रकार. त्यातले बहुतेक कुणीच मागवणार नाही, आणि काही अशक्य आहेत. रिब बोल्टवरून ठरते, म्हणजे तो निवडीचा प्रश्नच नाही. कोटिंगने भूमिती बदलत नाही, त्यामुळे त्यासाठी टेबलमध्ये जागा नको. ते पार्ट नंबरमध्ये किंवा बिल ऑफ मटेरियलमध्ये सांभाळा. उरल्या २० जोड्या. त्यातल्या खरंच लागणाऱ्या ओळीच लिहा.

टेबल भरलं की तपासणी. सगळ्या ओळी बघायच्याच, पण सुरुवात टोकांपासून करा: सर्वांत लहान बोल्ट सर्वांत मोठ्या लांबीसह, आणि सर्वांत मोठा बोल्ट सर्वांत लहान लांबीसह. दुसरी जोडी सहसा फुटते. ६३ लांबीच्या एम १२ ला दोन्ही टोकांचे १५ काढले की ३३ उरतात, भोकं दोनच बसतात आणि त्यांच्या वॉशरमध्ये ९ मिमी राहतात. चालेल, पण मधली रिब त्या ९ मिमीत बसते का, आणि पान्याला जागा राहते का, हे बघायला हवं. बसत नसेल तर ती ओळ मालिकेतून काढून टाकणं हेही उत्तर आहे.

दुसरी तपासणी वजनाची. प्रत्येक ओळीचं वजन एका कॉलममध्ये काढा. भोकं आणि रिब सोडून एम १२, लांबी १०० ला पोलादात सुमारे ६३० ग्रॅम यायला हवेत: ४५ गुणिले १० अधिक ३५ गुणिले १०, म्हणजे ८०० चौरस मिमी छेद, गुणिले १००, घनता ७.८५, वर फिलेटचे पाचसहा ग्रॅम. तेवढा हाताने केलेला एक हिशेब पुरतो. बाकीच्या ओळींत, एकाच लांबीसाठी बोल्ट वाढला की वजन वाढत जायला हवं. मध्येच एखाद्या ओळीत घसरलं तर तिथे काहीतरी सप्रेस राहिलंय किंवा आकडा चुकीच्या रकान्यात पडलाय. ही तपासणी डोळ्यांपेक्षा भरवशाची आहे.

एकाच फाइलमध्ये सगळं ठेवायचं का? चारपाच साइझ, एकच बनवण्याची पद्धत, एकाच माणसाची जबाबदारी असेल तर हो. पण लहान साइझ प्लेट वाकवून आणि मोठ्या वेल्ड करून बनणार असतील, तर त्या दोन वेगळ्या मालिका आहेत, दोन फाइली करा. कारण वाकवलेल्या पार्टला सपाट आकार आणि वाकवण्याची त्रिज्या लागते, वेल्डच्या पार्टला दोन तुकडे लागतात. ते एका ट्रीमध्ये कोंबलं की अर्धं झाड कायम सप्रेस राहतं. पीडीएम (फाइली आणि त्यांची रिव्हिजन सांभाळणारी प्रणाली) वापरत असाल तर आणखी एक बाब: एका साइझचं रिव्हिजन बदलायला फाइल चेक आउट केली की सगळ्याच साइझ अडकतात. अशा ठिकाणी आयपार्टसारखी स्वतंत्र सदस्य फाइली काढणारी पद्धत सोयीची पडते.

ड्रॉइंगबाबत मी थोडा हट्टी आहे. एकच ड्रॉइंग, मापांच्या जागी ए, बी, सी अक्षरं आणि बाजूला तक्ता, हे मंजुरीसाठी उत्तम. सगळी मालिका एका नजरेत दिसते. मशीनवर मात्र ते देऊ नये. काम करणारा माणूस एक ओळ वरची वाचतो आणि वीस ब्रॅकेट वाया जातात. कॉन्फिगरेशन आधीच केलेली आहेत, तेव्हा त्याच ड्रॉइंगची शीट कॉपी करून दृश्यांचं कॉन्फिगरेशन बदलायला फारसा वेळ लागत नाही. प्रत्येक साइझला तिची स्वतःची मापं असलेली शीट द्या.

राहिल्या तुमच्या जुन्या सात फाइली. ज्यांचे पार्ट बनून गेले आहेत किंवा ऑर्डरमध्ये आहेत, त्या तशाच गोठवून ठेवा, फक्त वाचण्यापुरत्या. नव्या मालिकेतला समकक्ष सदस्य उघडून जुन्याशी मापं आणि वजन ताडून बघा. फरक सापडतीलच, कारण जुन्यांत मधोमध भोकं आहेत. जिथे भोकाची जागा बदलते तिथे नवा पार्ट नंबर द्या, जुन्याचं नवं रिव्हिजन करू नका. दोन्ही एकाच खणात गेले तर बसवणाऱ्याला कळायचा मार्ग नाही. असेंब्लीत जुन्याच्या जागी नवा टाकताना मेट (पार्ट एकमेकांना जोडणारी बंधनं) तुटतील, कारण नव्या मॉडेलचे पृष्ठभाग सॉफ्टवेअरच्या दृष्टीने वेगळे आहेत. म्हणून नवे मेट मूळ प्रतलांवर आणि भोकाच्या अक्षावर करा. मग एम ८ च्या जागी एम १० निवडला तरी ते टिकतात.